बोलून दाखवायची परीक्षा

अकरा वर्षं ज्या बाईंबरोबर काम केलं, त्यांचा आवाज मला नीट ओळखता येत नव्हता, असं सांगितलं की लोकांना वाटतं मी थापा मारतोय. मी ॲम्ब्युलन्स चालवतो. ताई मागे पेशंटजवळ बसतात. आमच्यामध्ये पत्र्याची भिंत आणि त्या भिंतीत वीतभर सरकती काच. त्या काचेतून अकरा वर्षांत जेवढे शब्द पुढे आले ते एका पोस्टकार्डावर मावले असते, वर पत्ता लिहायला जागाही उरली असती.

स्टेशनवरचे लोक त्यांना मौनीबाई म्हणतात. तोंडावर अर्थातच नाही. तोंडावर सगळे ताई म्हणतात, मीही म्हणतो, वयाने नऊ वर्षांनी मोठा असूनही. त्या मला भाऊ म्हणतात. म्हणजे हाक मारायची वेळच आली तर. माणूस घुमा म्हणावा तर तसंही नाही. हसतात, दुसऱ्याचं गाऱ्हाणं शेवटपर्यंत ऐकून घेतात, डब्यातलं वाटून खातात. पण बोलायचं म्हटलं की शब्द रेशनवर मिळत असावेत अशा बेताने.

गाडीत मुळीच न बोलून कसं चालेल, म्हणून त्यांनी एक पद्धत काढली होती. पत्र्यावर बोटाने ठोकायचं. एक टक म्हणजे सावकाश घ्या. दोन टक म्हणजे पळवा. तीन म्हणजे कडेला घेऊन थांबा. तेवढ्यावर आम्ही संसार रेटला, आणि मी चारचौघांत छाती फुगवून सांगायचो की आमच्या गाडीत बडबड नाही, नुसतं काम. काम होतंही तसंच. एकदा परांचीवरून पडलेला गवंडी उचलायला गेलो. मी स्ट्रेचर खाली घेऊन त्याची चाकं सरळ करेपर्यंत ताईंनी त्याचा पाय फळीला बांधून, मानेला पट्टा लावून, ऑक्सिजनही सुरू केला होता. दोन टक. निघालो.

पण ताईंचा दर्जा होता प्राथमिक. म्हणजे रक्त थांबवायचं, हाड बांधायचं, ऑक्सिजन लावायचा, छाती दाबायची. शिरेतून औषध द्यायचं नाही, घशात नळी घालायची नाही. ते काम प्रगत दर्जाच्या माणसाचं, आणि तसा माणूस आमच्या गाडीवर नव्हता. मोठं हॉस्पिटल आमच्या स्टेशनपासून पंचवीस मिनिटांवर. त्या पंचवीस मिनिटांत मागे काय काय चालायचं ते ताईंना ठाऊक होतं. मला नव्हतं, आणि का नव्हतं ते मलाच फार उशिरा कळलं.

मग वरून कागद आला. गाडी बदलणार, नव्या गाडीत प्रगत उपचारांचं सगळं सामान असणार, आणि मागे बसणारा माणूसही प्रगत दर्जाचाच लागणार. ताईंना परीक्षेच्या दोन संधी दिल्या होत्या. पास झालात तर गाडी तुमची. दोन्ही वेळा नापास झालात तर बदली हॉस्पिटलच्या भांडारात, कापसाचे गठ्ठे आणि हातमोजे मोजायला. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, ज्या बाईच्या हातात एवढी कला आहे तिला हातमोजे मोजायला बसवणार! मी दोन दिवस चिडचिड करत होतो. ताईंनी कागदाची घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि म्हणाल्या, "अभ्यास करते."

केला, आणि असा केला की बघत राहावं. त्यांच्या नवऱ्याचं फोटोफ्रेमचं दुकान आहे. तिथल्या रिकाम्या चौकटींत त्यांनी हृदयाच्या आलेखांची चित्रं लावून घेतली आणि ती स्वयंपाकघरात टांगली. गिऱ्हाईक घरी आलं तर विचारायचं, हे कोणत्या डोंगराचं चित्र. ड्युटीवर गाडी उभी असली की प्रश्नांचं पुस्तक माझ्या हातात. मी दहावीपर्यंत शिकलेला. औषधांची नावं वाचताना माझी जीभ अशी वळायची की ताई डोळे पुसेपर्यंत हसायच्या, पण उत्तर बरोबर द्यायच्या. लेखी परीक्षेत शंभरात अठ्ठ्याऐंशी मिळाले. मी स्टेशनवर सगळ्यांना भजी खिलवायच्या बेतात होतो, ताई म्हणाल्या, प्रात्यक्षिक होऊ दे.

प्रात्यक्षिकात ताई नापास झाल्या.

माझा विश्वासच बसेना. खोलीत एक रबरी पुतळा असतो, तोच पेशंट. परीक्षक सांगतात, याला अमुक झालंय, करा. बारा मिनिटं. ताईंनी नऊ मिनिटांत सगळं केलं. श्वास बघितला, नाडी बघितली, नळी घातली, शीर शोधली, औषध दिलं, आणि शेवटी टेबलावर दोनदा टकटक करून उभ्या राहिल्या. परीक्षक डॉक्टरीणबाई त्यांच्याकडे बघतायत, त्या परीक्षकांकडे बघतायत. गाडी काही निघेना.

निकालाचा कागद घेऊन मी सरळ त्या डॉक्टरीणबाईंच्या टेबलाशी गेलो. ताई मागून माझा शर्ट ओढत होत्या. कागदावर त्रेचाळीस चौकोन होते आणि त्यांतल्या एकोणतिसांत शून्य.

"मॅडम, यांनी एक तरी गोष्ट चुकवली का?" मी विचारलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "मी इतके सफाईदार हात बऱ्याच दिवसांत पाहिले नाहीत."

"मग शून्य कशाला?"

"त्या बोलल्या नाहीत. काय बघितलं, काय सापडलं, काय करतेय, हे मोठ्याने बोलून दाखवायचं असतं. न बोललेल्याला मार्क नाहीत."

"म्हणजे हात चालवायचे सोडून तोंड चालवायला मार्क?"

शर्टाला जोराचा हिसका बसला. डॉक्टरीणबाई मात्र रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "भाऊसाहेब, प्रगत काम एकट्याचं नसतं. औषध दिलं हे फक्त देणाऱ्यालाच माहीत असेल, तर दुसरा माणूस तेच औषध पुन्हा देईल आणि पेशंट दगावेल. तुम्ही एवढी वर्षं यांच्यासोबत आहात. मागे काय चाललंय ते तुम्हाला तरी कळतं का?"

टकटक कळते, हे उत्तर तिथे काही शोभलं नसतं.

दुसरी परीक्षा तीन महिन्यांनी होती. परत येताना मी गाडी चहाच्या टपरीपाशी उभी केली आणि म्हटलं, "ताई, आजपासून टकटक बंद. तुम्ही ठोकलंत तरी मी बहिरा. जे काही कराल ते काचेतून मला सांगा. मला मागचं दिसत नाही, तेव्हा मला सांगण्यात अर्थ तरी आहे. पुतळ्याला काय सांगणार?"

ताई कपाकडे बघत राहिल्या. "तुम्हाला नको," एवढंच म्हणाल्या. मला वाटलं, लाजतायत. मी माझंच घोडं दामटलं.

सुरुवात तालमीने झाली. मधल्या वेळात उभ्या गाडीत मी स्ट्रेचरवर आडवा व्हायचो आणि ताई बोलायच्या. पहिले काही दिवस आवाज असा यायचा, की विहिरीत पडलेलं माणूस वरच्यांना उगीच त्रास नको म्हणून हळू ओरडतंय. रविवारी आमच्या घरी तालीम. आमची ही पेशंट व्हायची. तिला बेशुद्ध पडायला सांगितलं तरी ती मधेच डोळे उघडून विचारायची, "अहो, गॅस बंद केलात ना?" ताईंच्या घरी तर सगळ्या स्वयंपाकाचं समालोचन सुरू झालं होतं. "कढई तापली आहे. तेल घालतेय. फोडणी सुरू." एकदा त्यांची लेक जेवता जेवता म्हणाली, "आई, मीठ घातल्याचं बोलली नाहीस. शून्य." चाखून बघितलं तर मीठ खरंच घातलेलं नव्हतं.

मग एका दुपारी खरा कॉल आला. एका छापखान्यातला कामगार मशीनजवळच कोसळला होता. पन्नाशीचा माणूस, हातांना शाई लागलेली. आम्ही त्याला आत घेतलं, मी गाडी काढली आणि काच सरकवली.

मागून आवाज आला. हळू, पण स्पष्ट. "श्वास अडखळतोय. ऑक्सिजन लावला." मग, "नाडी मंद झाली." मग थोड्या वेळाने, "नाडी लागत नाही. छाती दाबायला सुरुवात करतेय. एक, दोन, तीन, चार..."

अकरा वर्षं मी गाडी चालवत होतो. मागे माणसं गेली, हे मला हॉस्पिटलात पोचल्यावर ताईंच्या चेहऱ्यावरून कळायचं, तेही त्या रुमालाने तोंड पुसून खाली उतरल्यावर. जाताना कसं जातात ते मी कधी ऐकलं नव्हतं. ते आकडे माझ्या पाठीत शिरत होते. मी हॉस्पिटलचं फाटक ओलांडून पुढे गेलो आणि पुढच्या चौकातून गाडी वळवून आणावी लागली. दोन मिनिटं गेली त्यात. नशीब त्या माणसाचं आणि पुण्याई ताईंच्या हातांची, की तो वाचला.

गाडी धुताना माझ्या हातातली बादली दोनदा सांडली. ताईंनी ती माझ्याकडून घेतली आणि मला पायरीवर बसवलं.

"म्हणून बोलत नव्हते," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"आपला पहिला महिना आठवतो? शाळेच्या रस्त्यावर तुम्ही गाडी दुभाजकावर घातली होती."

"ब्रेक लागला नव्हता तेव्हा," मी म्हटलं. ही गोष्ट मी अकरा वर्षं सगळ्यांना अशीच सांगत आलो होतो.

"ब्रेक चांगला होता, भाऊ. मी मागून ओरडले होते, की आजी गेल्या. तुम्ही वळून बघितलंत." त्यांनी फडकं पिळलं. "तुम्ही फार मऊ आहात. चालवणाऱ्याच्या कानावर हे कशाला घालायचं, असं वाटलं. म्हणून मग ठोकायला लागले."

मौनीबाई! आम्ही हसायचो, नक्कल करायचो, कुणी म्हणायचं गर्विष्ठ आहे, कुणी म्हणायचं नवऱ्याने घरी बोलू दिलं नसेल. मी स्वतः चहा पिता पिता त्या नकलांना दाद दिलेली आहे. आणि ही बाई अकरा वर्षं मागच्या अंधाऱ्या डब्यात सगळं एकटी बघत होती, एकटी ऐकत होती, आणि त्यातलं माझ्यापर्यंत येऊ देत होती फक्त टकटक. सख्ख्या बहिणीने एवढी काळजी घेतली नसती. मला रडू आलं आणि मी रडलो, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

डोळे पुसल्यावर मी म्हटलं, "तुम्ही बोला. गाडी मी सरळ ठेवीन. मला शिकवा."

तर परीक्षेची तयारी ही अशी दोघांची झाली. ताईंनी माझ्यासाठी नियम केले. त्या जे सांगतील त्यावर मी 'ऐकलं' म्हणायचं. 'भाऊ, किती वेळ?' असं विचारलं की मिनिटं सांगायची, मोठ्याने आणि लगेच. बाकी काही विचारायचं नाही, मागे वळायचं नाही. एका वेळी एकच काम, आणि माझं काम रस्ता. सुरुवातीला मी 'ऐकलं' म्हणताना दात दाबून धरायचो. मग सवय होत गेली. नाडी सापडत नाही, ऐकलं. पुढे खड्डा आहे, टाळला. रक्तदाब पडतोय, ऐकलं. सिग्नल पिवळा, निघून गेलो. भाऊ, किती वेळ? नऊ मिनिटं. मागे काय चाललंय ते कळायला लागल्यावर मी गाडी जास्त चांगली चालवायला लागलो, याचं मला स्वतःला नवल वाटतं. आणि पेशंटही बदलले. एक आजोबा उतरताना मला म्हणाले, "बाई सगळं सांगत होती, त्यामुळे मेलो असतो तर निदान कळलं तरी असतं."

तीन महिने संपले. परीक्षेच्या दिवशी मी स्टेशनवर परवानगी काढून ताईंना ॲम्ब्युलन्समधूनच घेऊन गेलो. खोलीबाहेर बाकडं होतं, दाराला वर काच नव्हती, नुसती फट. मी फटीला कान लावून बसलो. आतून ताईंचा आवाज आला, आणि काय सांगू, खणखणीत! "भाऊ, जागा सुरक्षित आहे. हातमोजे घातलेत. पेशंट हाकेला उत्तर देत नाही."

ऐकलं, मी तोंडातल्या तोंडात म्हटलं.

"श्वास मिनिटाला सहा. पिशवीने श्वास देतेय. छाती दोन्हीकडून वर येतेय."

ऐकलं. चौकोन भरत होते. मी बोटांवर मोजत होतो. सव्वीस, सत्तावीस. "घशात नळी घातली. जागेवर आहे, तपासली. शीर मिळाली. औषध दिलं, वेळ दहा वाजून बावीस मिनिटं." अडतीस, एकोणचाळीस. आता फक्त शेवटचे चार.

"भाऊ, किती वेळ?"

"सात मिनिटं!" मी ओरडलो. "रस्ता मोकळा आहे!"

कॉरिडॉरमधली माणसं वळून बघायला लागली. मला कळेपर्यंत होऊन गेलं होतं. मग दार उघडलं आणि डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. मागे ताई उभ्या होत्या, हातमोजे घातलेले हात तसेच हवेत धरून.

"कोण बोललं?"

"मी," म्हटलं. "सवयीने गेलं तोंडातून. मॅडम, यांची काही चूक नाही. मला काय ती शिक्षा करा."

"परीक्षेत बाहेरून मदत झाली तर परीक्षा रद्द होते, माहीत आहे तुम्हाला?"

अकरा वर्षं ज्या बाईने मला सांभाळलं, तिला शेवटच्या चार चौकोनांवर मीच बुडवलं होतं. ताईंनी तक्रारीचा एक शब्द काढला नाही. डॉक्टरीणबाईंनी आतल्या दुसऱ्या परीक्षकांना बोलावलं, दोघांनी नियमांचं पुस्तक उघडलं, कुजबूज केली. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उपचाराबद्दल बाहेरून काही सांगितलेलं नाही, म्हणून परीक्षा रद्द करत नाही. पण झालेलं सगळं धरायचं नाही. नवा प्रसंग, नवा पेशंट, पहिल्यापासून. "आणि हे," माझ्याकडे बोट दाखवून, "इमारतीच्या बाहेर."

मी आवारात जाऊन माझ्याच गाडीत बसलो. काचा बंद. काही ऐकू येत नव्हतं, काही दिसत नव्हतं. आमच्या हिला फोन करावासा वाटला, पण काय सांगणार? आयुष्यात देवाला ज्या काही चार-दोन वेळा मनापासून हात जोडले असतील त्यांतली ही एक. बारा मिनिटं एवढी मोठी असतात हे मला गाडी चालवताना कधी जाणवलं नव्हतं.

ताई आल्या त्या हळूहळू चालत. मागचं दार न उघडता पुढे माझ्या शेजारी बसल्या. मांडीवर कागद होता. मला तो बघायचा धीर होईना.

"ताई, मला माफ करा," मी म्हटलं.

त्यांनी कागद माझ्यासमोर धरला. त्रेचाळीस चौकोन, एकेचाळिसांत मार्क. पास. खाली दोन सह्या, शिक्का.

त्या दिवशी गाडीत मौनी मी होतो. थोड्या वेळाने कसंबसं म्हटलं, "ताई, तुमचे फार उपकार आहेत माझ्यावर. एवढी वर्षं मला कळलंही नाही."

"माझ्यावर तुमचे," त्या म्हणाल्या. मग आपणहून बोलायला लागल्या, कुणी विचारलं नसताना. "दुसऱ्या वेळीही शेवटी विचारलं मी, भाऊ, किती वेळ? कुणी उत्तर दिलं नाही. फार एकटं वाटलं. हात थांबले माझे. डॉक्टरीणबाईंना वाटलं मी पुढचं विसरले. त्यांनी विचारलं, समजा पुढून उत्तर आलंच नाही, तर काय कराल?"

"मग? काय सांगितलंत?"

"मी म्हटलं, मॅडम, असं होत नाही."

त्यांनी कागदाची घडी घातली. "त्याचे दोन मार्क कापले," त्या म्हणाल्या.